वेड, विकार आणि कावेरीचा काठ
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



तंजावरपासून दहा-बारा किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु नावाचे गाव आहे. पाच नद्यांचे पवित्र स्थळ असा त्या नावाचा अर्थ. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तेथे त्यागराजांच्या समाधीसमोर ओळीने बसतात आणि त्यांच्या पाच पंचरत्न कृती एका सुरात गातात. त्यागराजांचा जन्म १७६७ मध्ये तिरुवारूरला झाला, आयुष्य तिरुवैयारुत गेले आणि ६ जानेवारी १८४७ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. गाव तमिळ, रचना तेलुगू आणि राज्य मराठी, असा तो त्रिवेणी संगम होता. दुसरे तुळजाजी, अमरसिंह, दुसरे सरफोजी आणि दुसरे शिवाजी अशा चार भोसले राजांच्या कारकिर्दी त्यागराजांच्या हयातीत होऊन गेल्या.

मनोविकारांच्या परिभाषेवरील भाषणाने संगीताच्या गावापासून आरंभ करावा, हे वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु या शास्त्रातला सर्वांत पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न त्या गावातल्या एका घरात उभा राहिलेला दिसतो. परंपरेने जपलेली कथा अशी. सरफोजी राजांनी त्यागराजांना दरबारात बोलावले, सोबत द्रव्य आणि भेटी पाठवल्या. त्यागराजांनी त्या परत केल्या. झोळी घेऊन, रामनाम गात, गावातून धान्य मागून आणायचे आणि त्यावर घर चालवायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. तो त्यांनी सोडला नाही. थोरल्या भावाला हे सहन झाले नाही. दारी चालत आलेली लक्ष्मी हा माणूस लाथाडतो, दिवसरात्र मूर्तीशी बोलतो, तिच्यापुढे रडतो, तिच्यावर रुसतो. भावाने पूजेतल्या मूर्ती उचलल्या आणि कावेरीत फेकून दिल्या. त्या परत सापडेपर्यंत त्यागराज वेड्यासारखे भटकत राहिले, असे चरित्रकार सांगतात.

‘वेड्यासारखे’ हा शब्द येथे सहज येतो आणि तेथेच थांबावे लागते. भावाच्या लेखी धाकटा भाऊ वेडा होता. आजच्या वाचकाला कदाचित मूर्ती नदीत फेकणारा भाऊच अधिक बिघडलेला वाटेल. दोघांपैकी कोणाला आजारी म्हणायचे, की कोणालाच नाही? आणि हे ठरवायचे कोणी, कशावरून?

मराठीने तर हा गोंधळ एकाच शब्दात साठवून ठेवला आहे. मुलाला क्रिकेटचे वेड आहे असे आई कौतुकाने सांगते. शेजारचा मुलगा वेडा झाला हे सांगताना तिचाच आवाज खाली जातो. पंढरीच्या वाटेवरचे वेड पूज्य असते. तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडा म्हणत आणि महानुभाव पंथ त्यांनाच परमेश्वराचा अवतार मानतो. दुसऱ्या टोकाला ‘ठाण्याला पाठवायला हवे’, ‘येरवड्याची वाट धर’ हे टोमणे आहेत. या गावांतील मनोरुग्णालयांत आयुष्ये गेलेली माणसे आणि त्यांची घरे आहेत, याचे भान टोमणा मारणाऱ्याला नसते. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होते. १९८७ च्या कायद्याने मानसिक आरोग्य हा शब्द आणला. घरोघरची बोली मात्र अजून पुष्कळशी १९१२ मध्येच राहते.

शास्त्राने म्हणून वेगळा शब्द घडवला: अपसामान्य. सामान्यापासून दूर सरकलेले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात दूषण नाही. अपसामान्य मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे दूर सरकणे ओळखण्याच्या काही कसोट्या दिलेल्या असतात आणि पहिल्याच पाठात विद्यार्थ्याला कळते की त्यांपैकी एकटी कोणतीही कसोटी पुरी पडत नाही.

पहिली कसोटी संख्येची. जे थोड्यांमध्ये आढळते ते अपसामान्य. या मापाने त्यागराज नि:संशय अपसामान्य ठरतात, पण त्याच मापाने वर्गात पहिली येणारी मुलगीही ठरते. उलट, दातांची कीड बहुसंख्यांना असते म्हणून ती आरोग्य ठरत नाही. दुसरी कसोटी समाजाच्या रूढींची, आणि ती सर्वांत धोक्याची. रूढी बदलतात, कधी त्या स्वतःच आजारी असतात. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ पर्यंत समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीत ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून ते १९९० मध्ये निघाले. त्या माणसांमध्ये त्या वर्षी काही बदलले नव्हते, यादी बदलली. तिसरी कसोटी क्लेशाची, म्हणजे त्या व्यक्तीला स्वतःला होणाऱ्या यातनेची. ही माणुसकीची कसोटी खरी. परंतु उद्दीपनाच्या भरात असलेला रुग्ण आपण कधी नव्हे इतके आनंदात आहोत असे सांगतो आणि त्याच आठवड्यात घर विकायला काढतो. चौथी कसोटी कार्यक्षमतेची: झोप, अन्न, काम, अभ्यास, नाती ही रोजची चाके फिरतात का? आणि पाचवी, स्वतःला किंवा इतरांना धोका आहे का? या शेवटच्या कसोटीने वर्तमानपत्रांना फार भुरळ घातली आहे. वास्तविक मनोरुग्ण दुसऱ्याला इजा करतो त्यापेक्षा त्याला स्वतःला इजा होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.

तिरुवैयारुच्या घराला या कसोट्या लावल्या तर काय दिसते? त्यागराज विरळ होते, रूढीबाहेर होते, दु:खीही होते. त्यांच्या कित्येक कृतींतून आर्त विनवणी ऐकू येते. परंतु त्यांनी संसार केला, मुलीचे लग्न केले, शिष्य घडवले, नेमाने भिक्षा मागितली आणि रागतालाच्या काटेकोर चौकटीत शेकडो रचना केल्या, त्यांपैकी सुमारे सातशे आज उपलब्ध आहेत. रोजची चाके फिरत होती. इतकेच नव्हे, ती इतरांच्या चाकांपेक्षा अधिक भार ओढत होती. भावाने लावलेली कसोटी फक्त दुसरी होती. घरोघर आजही बहुधा तीच लावली जाते. इंजिनिअरिंग सोडून तबला शिकणारा मुलगा, लग्नाला नकार देणारी मुलगी, यांना ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगणारे नातेवाईक त्या भावाचेच वंशज होत.

येथे एक पथ्य पाळणे भाग आहे. दिवंगत व्यक्तीला दुरून निदान चिकटवणे हा चांगला छंद नव्हे. प्रत्यक्ष तपासणीवाचून सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करू नये, असा दंडक अमेरिकेच्या त्याच संघटनेने १९७३ मध्ये घालून घेतला. त्यागराज येथे रुग्ण म्हणून नव्हे, मर्यादा कोठे आखायची हे शिकवणारा दाखला म्हणून आले आहेत.

आता काही शब्दांकडे वळू. दोराला साप समजणे हा आपल्या दर्शनग्रंथांतला शतकानुशतके वापरलेला दाखला. समोर वस्तू आहे, तिचा अर्थ चुकीचा लागला: हा भ्रम. तो सर्वांना होतो, दिवा लावला की जातो. दोरच नाही आणि तरीही साप दिसतो, खोलीत कोणी नाही आणि तरीही आवाज नावाने हाक मारतो, शिव्या देतो, ‘ऊठ, खिडकीतून उडी घे’ म्हणतो: हा विभ्रम; काही ग्रंथांत त्यालाच निर्वस्तुभ्रम म्हटले आहे. तो ऐकणाऱ्याला शेजारच्या माणसाच्या बोलण्याइतका खरा वाटतो, हे कुटुंबीयांच्या ध्यानात राहत नाही. ‘कोणी बोलत नाही रे’ असे दहादा सांगून उपयोग होत नाही, कारण त्याचे कान साक्ष देत असतात. तिसरा शब्द संभ्रम. रोजच्या मराठीत त्याचा अर्थ नुसता गोंधळ. शास्त्रात मात्र पुराव्याने न हलणारी आणि स्वतःच्या समाजालाही न पटणारी खोटी समजूत. शेजारी भिंतीतून किरण सोडतात, बायको जेवणात विष घालते, दूरदर्शनवरील निवेदिका आपल्यालाच खुणा करते. हा रुग्ण मुळीच गोंधळलेला नसतो. त्याची खात्रीच त्याला खाते. त्यामुळे ‘संभ्रम’ हा प्रतिशब्द फारसा भाग्यवान म्हणता येत नाही. परिभाषा घडवणाऱ्यांचे आपसांत एकमत न झाल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला एका लक्षणाची दोन-तीन नावे पाठ करावी लागतात, ही तक्रार जुनीच आहे.

‘स्वतःच्या समाजालाही न पटणारी’ हे शब्द त्या व्याख्येत उगाच आलेले नाहीत. तिरुवैयारुच्याच मातीतले दुसरे उदाहरण त्यासाठी उपयोगी पडते. म्हैसूरकडे जन्मलेल्या आणि मद्रासेत कीर्ती मिळवलेल्या बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) या देवदासी परंपरेतील थोर गायिका. त्यागराजांची समाधी दुर्लक्षित, पडझड झालेल्या अवस्थेत असल्याचे त्यांना कळले. त्यागराजांनी स्वप्नात येऊन आज्ञा केली, असे त्या सांगत. त्यांनी दागिने आणि मालमत्ता खर्ची घालून १९२० च्या दशकात समाधीमंदिर उभारले आणि उरलेले आयुष्य तिरुवैयारुत काढले. आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाऊ देत नसत, तेव्हा त्यांनी स्त्रियांचा वेगळा उत्सव उभा केला; पुढे १९४० च्या सुमारास तट मिटले आणि स्त्रियाही तेथे गाऊ लागल्या. मृत संत स्वप्नात येतो आणि एक स्त्री आपली संपत्ती त्याच्यासाठी उधळते, एवढेच वाक्य कागदावर लिहून दिले तर नवशिका तपासनीस भुवया उंचावेल. पण संतांनी स्वप्नात येणे तिच्या समाजाला परके नव्हते. तिने जागेपणी जे केले ते हेतुपूर्ण, चिकाटीचे आणि शेवटी सर्वांना उपकारक ठरले. लक्षण एकटे पाहायचे नसते, त्याच्याभोवतीचा माणूस आणि त्या माणसाभोवतीचे जग पाहायचे असते.

(याच नागरत्नम्मांनी तंजावरच्या मराठा राजा प्रतापसिंहाच्या दरबारातील मुद्दुपळनी या कवयित्रीचे काव्य १९१० मध्ये संपादून छापले आणि सरकारने ते अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. रूढीच्या कसोटीचे बळी केवळ माणसेच नसतात.)

विभ्रम आणि संभ्रम एकत्र येतात, विचारांची साखळी तुटते, वास्तवाशी असलेले नाते सुटते, तेव्हा त्या अवस्थेला चित्तविकृती म्हणतात. तिच्यातील सर्वांत गाजलेला आणि सर्वांत गैरसमजात सापडलेला आजार म्हणजे स्किझोफ्रेनिया. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये हे नाव सुचवले. ग्रीक मुळांप्रमाणे दुभंगणे आणि मन या दोन शब्दांतून ते बनले. मराठीत छिन्नमनस्कता झाले. या नावाने मोठा घोटाळा केला. एका शरीरात दोन माणसे राहतात, दिवसा सज्जन आणि रात्री खुनी, अशी समजूत चित्रपटांनी पक्की केली. ब्लॉयलर यांना अभिप्रेत होते ते विचार, भावना आणि कृती यांच्यातील सांधे निखळणे. जपानने २००२ मध्ये या आजाराचे जुने नाव अधिकृतपणे बदलले, कारण त्या नावाची रुग्णांना आणि डॉक्टरांनाही इतकी लाज वाटे की निदान सांगितलेच जात नसे. मराठीत हे काम नावाने नाही, पण एका चित्रपटाने थोडे केले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) पाहिल्यानंतर अनेक घरांना प्रथमच कळले की आपल्या घरात जे आहे त्याला नाव आहे, आणि त्यावर औषध आहे. तसे औषध १९५२ पासून आहे. त्या वर्षी क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारांत प्रथम उपयोग झाला आणि साखळ्या अनावश्यक ठरण्यास आरंभ झाला. अनावश्यक ठरल्या, इतकेच; निघाल्या मात्र नाहीत.

वास्तवाशी नाते शाबूत असते पण जगणे पिळवटून निघते, अशा विकारांना पूर्वी मज्जाविकृती म्हणत. १९८० नंतर अमेरिकन वर्गीकरणाने हे छत्र मोडून चिंताविकार, भयगंड, विचार-कृतींची अनिवार्यता अशी वेगळी दालने केली. शेवटच्या विकाराला मराठीत आधीपासून एक शब्द होता: मंत्रचळ. हात धुऊन धुऊन सोललेली त्वचा, कुलूप लागले का हे पाहायला पाचव्यांदा परतणारी पावले. आपण करतो ते अतिरेकी आहे, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते, हे या आजाराचे विशेष दु:ख. पुष्कळ घरांत ते सोवळे म्हणून खपून गेले आणि त्या आजीची पन्नास वर्षे कोणी मोजली नाहीत.

मन:स्थितीच्या विकारांत अवसाद येतो. खिन्नता कोणाला चुकत नाही. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ दररोज, मन बुडालेले असणे किंवा कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, आपण कवडीमोल आहोत आणि आपल्यामुळे सर्वांना त्रास होतो असे वाटणे, मृत्यूचे विचार येणे, यांचा समूह जमला की त्याला अवसाद म्हणावे. प्रियजनाच्या मृत्यूनंतरचा शोक याहून वेगळा. शोकात दु:ख लाटांनी येते, मधूनमधून हसू उमटते, आणि मन गेलेल्याला शोधत असते; अवसादात मन स्वतःलाच दोष देत असते. या सीमेवर तज्ज्ञांचे वाद अजून मिटलेले नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकन पुस्तिकेने शोकग्रस्तांसाठीची सवलत काढून टाकली तेव्हा, आईच्या तेराव्यालाही आता गोळ्या लिहून द्यायच्या काय, असा सवाल झाला होता. तो अगदीच गैरलागू नव्हता.

हे सारे पश्चिमेकडून आले, असा समज होऊ नये. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील नववा अध्याय उन्मादावर आहे. उन्मादात काय काय ढळते, त्याची चरकाची यादी आठ कलमांची: मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार. येथे भक्तीचा अर्थ आवडनिवड, ओढ. गोड आवडणाऱ्याला गोड नकोसे होणे, मुलांत रमणाऱ्याने मुलांकडे पाठ फिरवणे, हे चरकाने लक्षण म्हणून टिपले आहे. आजचा तज्ज्ञही आईला हेच विचारतो, ‘पूर्वी कसा होता?’ तुलना जगाशी नव्हे, त्या माणसाच्या स्वतःच्या कालपर्यंतच्या रूपाशी. त्यागराजांच्या भावाने हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर सोपे होते: हा लहानपणापासून असाच आहे.

सरफोजी राजांनी तंजावरास धन्वंतरी महाल उभारला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. लक्षण काय, उपचार कोणता, परिणाम काय झाला, अशी शिस्त. डोळ्याच्या रोगाला असा केसपेपर मिळाला. मनाच्या रोगाला मात्र देऊळ, दर्गा आणि मांत्रिक हेच दार राहिले. त्याच मुलखातील तिरुविडैमरुदूरच्या मंदिरात आजही भाविक पूर्वेच्या दाराने आत जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. वरगुण पांड्याच्या पाठीस लागलेले ब्रह्महत्येचे भूत पूर्वद्वारी त्याची वाट पाहत अडकून राहिले, ही त्यामागची कथा. अपराधाची टोचणी माणसाच्या पाठीस कशी लागते, हे इतक्या नेटकेपणाने सांगणारे रूपक पाठ्यपुस्तकांतही सापडणार नाही. कावेरीकाठीच तिरुचिरापल्लीजवळ गुणशीलम आहे. तेथे मनोरुग्णांना ४८ दिवस ठेवण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात नरसोबाची वाडी आणि औदुंबर, सीमेपलीकडे गाणगापूर.

या स्थानांची टिंगल करणे सोपे आहे, पण पुरावा तितका एकेरी नाही. तमिळनाडूतील मुत्तुस्वामी नावाच्या एका देवस्थानात येऊन राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी बंगळूरच्या तज्ज्ञांनी केली. ती २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तेथे झाडफूक नव्हती, मारहाण नव्हती. नातेवाईक सोबत राहत, रुग्ण अंगण झाडत, झाडांना पाणी घालत. काही आठवड्यांत लक्षणांची तीव्रता सुमारे एक पंचमांशाने उतरली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या पाहणीची मर्यादा. तरी निवांतपणा, काम आणि हाकलून न देणारी माणसे यांत काही औषधी अंश असतो, एवढे त्यातून म्हणता येते.

दुसरी बाजू एरवाडीची. रामनाथपुरम जिल्ह्यातील या गावी एक प्रसिद्ध दर्गा आहे आणि त्याच्या आधाराने मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी घरे उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एका झापाच्या शेडला आग लागली. आतील बहुतेकांच्या पायांत साखळ्या होत्या. २८ माणसे गेली. त्यांतील कित्येकांना त्यांच्याच घरच्यांनी तेथे आणून सोडले होते. काहींनी श्रद्धेने, काहींनी थकून, आणि काहींनी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तमिळनाडू सरकारने तशी घरे बंद केली.

पुढे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याच्या ९५ व्या कलमाने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे ११५ वे कलम गृहीत धरते, म्हणजे पोलीस ठाण्याच्या भीतीने अशा मुलाला दवाखान्यात नेण्याचे टाळण्याचे कारण उरत नाही. शारीरिक आजारांना मिळतो तसाच विमा मानसिक आजारांनाही द्यावा, असे २१ वे कलम सांगते. आणि तिसरे कलम तर जणू तिरुवैयारुच्या त्या घरासाठीच लिहिले आहे: एखाद्याची वागणूक समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हे पहिलेच कलम आहे. कायदे आहेत, ते उंबरठ्याच्या आत शिरायला वेळ लागतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये निमहान्सने १२ राज्यांत केले. त्यांत तमिळनाडू होते, महाराष्ट्र नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्रस्त होते, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. या सभागृहातील खुर्च्यांना ते प्रमाण लावून पाहायला गणिताच्या सरांची गरज नाही. निम्म्याच्या आसपास मनोविकारांची सुरुवात अठराव्या वर्षापूर्वी होते, म्हणजे शाळेच्या गणवेशातच. पौगंडवयात अवसाद रडक्या चेहऱ्याने येईलच असे नाही. तो चिडचिड होऊन येतो, शाळेत जायच्या वेळी दुखणारे पोट होऊन येतो, अचानक उतरलेले गुण होऊन येतो. पालक म्हणतात, ‘शिंगे फुटली’, आणि खरोखरच पुष्कळदा तेवढेच असते. फरक कळायचा तो चरकाच्या प्रश्नाने: पूर्वी कसा होता, किती दिवस झाले, आणि कोणती चाके थांबली?

मराठी माध्यमाच्या शाळेत हे बोलण्याला आणखी एक कारण आहे. दु:खाला मातृभाषा असते. ‘डिप्रेशन आले’ असे म्हणणारे थोडे. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखे होते’, ‘डोके बधिर झाले’, ‘कशात मन लागत नाही’, ‘नको नको झालेय’ असे म्हणणारे पुष्कळ. ही वाक्ये पाठ्यपुस्तकातल्या लक्षणांच्या यादीत जशीच्या तशी छापलेली नसतात, पण लक्षणे हीच असतात. तंजावरात आजही जुन्या वळणाची मराठी घरात बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांचा व्यवहार तमिळमध्ये चालतो आणि शिक्षण बहुधा इंग्रजीत. अशा घरातली आजी डॉक्टरपुढे बसते तेव्हा तिचे ‘जीवाला कसेसेच होते’ तमिळमधून इंग्रजीत जाईपर्यंत पोटदुखी होऊन बसण्याचा संभव असतो. पुण्यामुंबईच्या घरांत हीच गोष्ट दुसऱ्या दिशेने घडू लागली आहे. नातवंडे इंग्रजी शब्दांत अस्वस्थता सांगतात आणि आजी-आजोबांना ती थेरं वाटतात. ‘पॅनिक’ आणि ‘जीव घाबरा’ ही एकाच पाहुण्याची दोन नावे आहेत, हे दोन्ही पिढ्यांना सांगणारे कोणीतरी घरात हवे. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आज पालक झालेल्या पिढीला दोन्ही भाषा येतात.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनीसेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते. ती वीस भाषांत चालते आणि त्यांत मराठी आहे. पलीकडून भाषा विचारली जाते, तेव्हा मराठी सांगावे आणि जे होत आहे ते घरात ज्या शब्दांत बोलले जाते त्याच शब्दांत सांगावे.